विश्लेषण : हॉलिवूडने नाकारलेला ब्रूस ली अवघ्या चार चित्रपटांत जगाचा नायक कसा झाला?

१९ ऑगस्ट १९७३. लॉस एंजेलिसमध्ये ‘एन्टर द ड्रॅगन’चा प्रीमियर झाला. एका मोठ्या हॉलिवूड स्टुडिओने चिनी वंशाच्या अभिनेत्याला नायक करून काढलेला हा मार्शल आर्ट्सपट पाहायला प्रेक्षक लोटले. नायक मात्र तिथे नव्हता. बरोबर ३० दिवसांपूर्वी, २० जुलैला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याचा मृत्यू झाला होता. ज्या यशासाठी ब्रूस लीने सात-आठ वर्षे हॉलिवूडचे उंबरठे झिजवले, ते आले तेव्हा ते पाहायला तो उरला नव्हता.

प्रौढ वयात नायक म्हणून त्याने पूर्ण केलेले चित्रपट फक्त चार. तरीही पन्नास वर्षांनंतर त्याचा चेहरा टी-शर्टपासून व्यायामशाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे दिसतो. हे कसे घडले? हॉलिवूडने त्याला का अडवले आणि अडवलेली वाट त्याने कुठून काढली?

जन्म अमेरिकेत, बालपण हाँगकाँगमध्ये

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधील चिनी रुग्णालयात झाला. वडील ली होई-चुएन हे कँटोनीज संगीत नाटकातील नामवंत विनोदी नट. नाटक कंपनीबरोबर ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हे मूल जन्मले. घरचे नाव ली जुन-फान. ‘ब्रूस’ हे इंग्रजी नाव रुग्णालयात मिळाले. चिनी पंचांगानुसार ते वर्ष ड्रॅगनचे होते. पुढे पडद्यावर मिळालेल्या ‘सिउ लुंग’ म्हणजे ‘छोटा ड्रॅगन’ या नावाचा धागा इथला.

अमेरिकेत जन्मल्यामुळे त्याला अमेरिकी नागरिकत्व मिळाले. तेव्हा ही किरकोळ बाब वाटली असेल, पण पुढच्या आयुष्याची दिशा तिनेच ठरवली. तान्हा असतानाच ‘गोल्डन गेट गर्ल’ या चित्रपटात तो पडद्यावर दिसला. १९४१मध्ये कुटुंब हाँगकाँगला परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानने हाँगकाँग ताब्यात घेतले आणि पुढची तीन वर्षे आठ महिने शहराने टंचाई आणि दहशत सोसली. ब्रूसची पहिली काही वर्षे अशी गेली.

युद्ध संपल्यावर हाँगकाँगचा चित्रपट धंदा पुन्हा उभा राहिला आणि नटाचा मुलगा म्हणून ब्रूस बालकलाकार झाला. १९५०च्या ‘द किड’मध्ये त्याने रस्त्यावर वाढणाऱ्या पोराची भूमिका केली. त्यात वडीलही होते. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावावर सुमारे वीस चित्रपट जमा होते. हे मारधाडपट नव्हते. बहुतेक कौटुंबिक आणि सामाजिक होते. कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहायचे, डोळ्यांनी काय बोलायचे, हे तो कुंग फूच्या आधी शिकला होता. त्याची नक्कल करणाऱ्यांना पुढे नेमके हेच जमले नाही.

अमेरिकेला का पाठवले?

ब्रूसचे अभ्यासात लक्ष नव्हते. शाळा बदलाव्या लागल्या. १९५०च्या दशकातले हाँगकाँग चीनमधून आलेल्या निर्वासितांनी भरलेले होते आणि पोरांच्या टोळ्यांमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर मारामाऱ्या होत. मार खाऊन घरी आलेल्या या मुलाला मार्शल आर्ट्स शिकायचे होते. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो इप मॅन यांच्याकडे ‘विंग चुन’ शिकू लागला. कमी जागेत, जवळून, सरळ रेषेत झटपट वार करण्याची ही पद्धत.

आईच्या बाजूने त्याच्या अंगात काही युरोपीय रक्त होते. हे कळल्यावर काही सहशिष्यांनी आक्षेप घेतला आणि पुढचे धडे त्याला वरिष्ठ शिष्यांकडून वेगळे घ्यावे लागले, असे चरित्रकार लिहितात. हाँगकाँगमध्ये तो पुरेसा चिनी नव्हता आणि पुढे अमेरिकेत तो जरा जास्तच चिनी ठरणार होता.

१९५८मध्ये त्याने शालेय मुष्टियुद्ध स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी हाँगकाँगची चा-चा नृत्य स्पर्धाही जिंकली. पुढे त्याच्या पायांच्या हालचालीत जो ताल दिसतो, त्यात या नृत्याचाही वाटा आहे. मात्र रस्त्यावरच्या मारामाऱ्या थांबल्या नाहीत, पोलिसांपर्यंत तक्रारी गेल्या. घरच्यांनी निर्णय घेतला. एप्रिल १९५९मध्ये १८ वर्षांच्या ब्रूसला १०० डॉलर देऊन जहाजाने अमेरिकेला पाठवण्यात आले. त्याची प्रमुख भूमिका असलेला ‘द ऑर्फन’ १९६०मध्ये हाँगकाँगमध्ये लागला, तेव्हा तो सिएटलमधील एका चिनी रेस्टॉरंटमध्ये वेटरचे काम करत होता.

वेटरचा शिक्षक कसा झाला?

सिएटलमध्ये त्याने आधी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि १९६१मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये प्रवेश घेतला. नोंद नाट्यशास्त्राची असली तरी तत्त्वज्ञानाचे वर्गही तो करत असे. त्याच सुमारास तो कुंग फू शिकवू लागला. आधी मोकळ्या जागेत, मग भाड्याच्या खोलीत, मग रीतसर संस्था काढून.

त्याच्या पहिल्या शिष्यांमध्ये कृष्णवर्णीय, गोरे आणि जपानी वंशाचे तरुण होते. अमेरिकेतील चिनी वस्त्यांमध्ये तेव्हा ही विद्या साधारणपणे चिनी माणसांपुरतीच ठेवली जाई. ब्रूसने हा संकेत पाळला नाही.

याच वर्गात आलेल्या लिंडा एमरी या विद्यार्थिनीशी त्याने ऑगस्ट १९६४मध्ये लग्न केले. लिंडाच्या घरून विरोध होता. त्या काळात अमेरिकेच्या अनेक राज्यांत भिन्न वंशीयांमधील विवाह बेकायदा होते. ही बंदी देशभरातून गेली ती १९६७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. लग्नानंतर दोघे कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेले आणि तिथे ब्रूसने दुसरी शाळा काढली.

‘जीत कुन दो’ म्हणजे काय?

१९६४च्या अखेरीस ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन या कुंग फू शिक्षकाशी त्याची बंद दाराआड लढत झाली. या लढतीच्या दोन कथा आहेत. ली यांच्या बाजूचे म्हणणे असे की, परक्यांना विद्या शिकवू नये म्हणून हे आव्हान आले होते आणि तीन मिनिटांत निकाल लागला. वाँग यांच्या बाजूचे म्हणणे असे की, कारण वेगळे होते, लढत वीसेक मिनिटे चालली आणि निकाल स्पष्ट नव्हता. खोलीत मोजकेच लोक होते. त्यामुळे वाद आजही मिटलेला नाही.

परिणाम मात्र स्पष्ट आहे. या लढतीत आपल्याला धाप लागली, प्रतिस्पर्धी पळू लागल्यावर विंग चुन अपुरे पडले, याची ब्रूसला चीड आली. त्याने व्यायामाची पद्धत पालटली. वजने, दोरीवरच्या उड्या, धावणे आणि आहार यांवर तो काटेकोर झाला. पाश्चात्त्य मुष्टियुद्धातून पायांची चपळाई आणि तलवारबाजीतून अंतर व वेळेचा हिशेब त्याने घेतला. १९६७मध्ये या विचाराला त्याने ‘जीत कुन दो’ असे नाव दिले. अर्थ, समोरच्याचा वार वाटेतच अडवणाऱ्या मुठीचा मार्ग. ठरावीक पवित्र्यांची घोकंपट्टी करण्याऐवजी जे उपयोगी पडते ते घ्यावे आणि निरुपयोगी ते टाकावे, हा त्याचा गाभा. पारंपरिक गुरूंना हे रुचले नाही.

हॉलिवूडमध्ये प्रवेश कसा मिळाला?

१९६४च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कराटे स्पर्धा झाली. तिथे ब्रूसने प्रात्यक्षिक दाखवले. हॉलिवूडच्या ताऱ्यांचे केस कापणारे जे सेब्रिंग प्रेक्षकांत होते. त्यांनी ही गोष्ट निर्माते विल्यम डोझियर यांच्या कानावर घातली आणि १९६५च्या सुरुवातीला ब्रूसची स्क्रीन टेस्ट झाली. त्याच दिवसांत, १ फेब्रुवारीला, मुलगा ब्रँडन जन्मला आणि आठवडाभरात हाँगकाँगमध्ये वडील वारले.

टेस्टमधून मिळाली ती ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही एबीसी वाहिनीवरची मालिका. १९६६-६७मध्ये तिचे २६ भाग प्रसारित झाले. ब्रूसची भूमिका होती केटोची. दिवसा श्रीमंत वृत्तपत्र मालकाचा नोकर आणि चालक, रात्री मुखवटा घालून त्याच्याबरोबर गुंडांशी लढणारा साथीदार. संवाद मोजके, मोबदला नायकापेक्षा कितीतरी कमी. मारामारी सुरू झाली की मात्र नजर केटोवरच खिळे. त्याच्या हालचाली कॅमेऱ्यात नीट उमटाव्यात म्हणून त्याला वेग कमी करायला सांगावे लागे, असे सांगितले जाते.

मालिका एकाच हंगामात बंद पडली आणि काम आटले. पोटासाठी ब्रूस चित्रपटसृष्टीतील मंडळींना खासगी शिकवण्या देऊ लागला. अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन आणि जेम्स कोबर्न, पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार हे त्याचे शिष्य. सिलिफंट यांनी लिहिलेल्या ‘मार्लो’ (१९६९) चित्रपटात त्याला छोटी भूमिका मिळाली. एका खोलीची मोडतोड करून धमकी देणारा गुंड. हॉलिवूडचे तारे त्याच्याकडे लाथ मारायला शिकत होते, पण आपल्या शेजारी नायक म्हणून त्याला उभे करायला तिथले कोणी तयार नव्हते.

वाट नेमकी कुठे अडली?

१९७० ते ७१ हा त्याचा सर्वांत कठीण काळ. १९७०मध्ये पुरेसे अंग न तापवता वजन उचलताना पाठीच्या खालच्या भागातील मज्जातंतू दुखावला. पुन्हा पूर्वीसारख्या लाथा मारता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे लिंडाने लिहिले आहे. कित्येक महिने तो अंथरुणावर होता. घरात दोन लहान मुले, उत्पन्न थांबलेले. त्या काळात त्याने वाचन केले आणि वह्याच्या वह्या भरल्या. त्या टिपणांतूनच ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ हे पुस्तक त्याच्या पश्चात, १९७५मध्ये निघाले. पाठ पुरती बरी झाली नाही. पुढचे चारही चित्रपट त्याने हे दुखणे सांभाळत केले.

याच काळात तो भारतात येऊन गेला, हे फार जणांना ठाऊक नसते. कोबर्न आणि सिलिफंट यांच्यासह तो ‘द सायलेंट फ्लूट’ या मार्शल आर्ट्सपटाची तयारी करत होता. वॉर्नर ब्रदर्सचे भारतीय चित्रपटगृहांतून मिळालेले पैसे तेव्हाच्या परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे भारतातच अडकून पडले होते. ते खर्च करता यावेत म्हणून चित्रीकरण भारतात करावे, अशी स्टुडिओची अट होती. १९७१च्या सुरुवातीला तिघांनी भारतात फिरून जागा पाहिल्या. कोबर्न यांना त्या कथेला साजेशा वाटल्या नाहीत आणि प्रकल्प बारगळला. भारताच्या रुपयांवर ब्रूस लीचा हॉलिवूडपट उभा राहण्याची शक्यता तिथेच संपली.

दुसरा धक्का टीव्हीवरून आला. अमेरिकेत येऊन लढणाऱ्या चिनी योद्ध्याची कथा घेऊन एक मालिका करावी, असा प्रस्ताव ब्रूसने लिहिला होता. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सकडे ‘कुंग फू’ ही मालिका तयार होत होती. जुन्या अमेरिकेत भटकणारा शाओलिन भिक्षू हा तिचा नायक. त्या भूमिकेसाठी ब्रूसचाही विचार झाला, पण ती मिळाली डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या अभिनेत्याला. ब्रूसचे इंग्रजी उच्चार आणि प्रेक्षक आशियाई नायकाला स्वीकारतील का, ही निर्मात्यांची शंका, ही कारणे पुढे सांगितली गेली. मालिकेची मूळ कल्पना ब्रूसची होती, असे लिंडाचे म्हणणे. स्टुडिओने मात्र तिचे श्रेय एड स्पीलमन या लेखकाला दिले. वाद कुठल्याही बाजूने मिटवला तरी चिनी भिक्षूच्या वेशात गोरा अभिनेता उभा राहिला, हे चित्र बदलत नाही.

हाँगकाँगने काय दिले?

या काळात हाँगकाँगमध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ दाखवली जात होती आणि लोक तिला ‘केटो शो’च म्हणत होते. अमेरिकेतला दुय्यम नोकर तिथे नायक ठरला होता. १९७०मध्ये भेटीवर गेलेल्या ब्रूसला हे पाहून आश्चर्य वाटले.

हाँगकाँगच्या चित्रपट धंद्यावर तेव्हा शॉ ब्रदर्सची पकड होती. त्यांच्याकडे कलाकार दीर्घ करारावर, कमी पगारात बांधलेले असत. ब्रूसलाही तसाच करार देऊ केला गेला आणि त्याने तो नाकारला. शॉ ब्रदर्समधून बाहेर पडून रेमंड चाऊ यांनी १९७०मध्ये ‘गोल्डन हार्वेस्ट’ ही कंपनी काढली होती. त्यांनी दोन चित्रपटांचे १५ हजार डॉलर देऊ केले. हॉलिवूडच्या मानाने रक्कम किरकोळ, पण भूमिका नायकाची होती.

‘द बिग बॉस’चे चित्रीकरण १९७१च्या उन्हाळ्यात थायलंडमधील पाक चोंग या आडगावात झाले. उकाडा, डास, साध्या जेवणाची मारामार. घोटा मुरगळलेला असताना ब्रूसने काम केले. कथा साधी आहे. कामासाठी परगावी आलेला एक तरुण बर्फाच्या कारखान्यात लागतो. मारामारी करणार नाही, असे आईला वचन दिलेले. बर्फाच्या लाद्यांतून अमली पदार्थ जातात हे कळते, सोबती एकेक करून गायब होतात आणि अखेर त्याचा संयम सुटतो. चित्रपटाचा बराच भाग तो हात बांधून उभा आहे. तो कधी लढणार, याची वाट पाहणे हीच प्रेक्षकांची मजा होती.

१९७१च्या ऑक्टोबरअखेर चित्रपट लागला आणि काही आठवड्यांत ‘द साउंड ऑफ म्युझिक’चा विक्रम मोडून त्याने हाँगकाँगमधील कमाईचा नवा उच्चांक केला. मार्च १९७२मध्ये ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आला आणि हाही विक्रम मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, परकीयांच्या वर्चस्वाखालचे शांघाय आणि गुरूच्या मृत्यूचा जाब विचारणारा शिष्य अशी ही कथा. चिन्यांना आशियातील आजारी माणसे म्हणून हिणवणारी पाटी तो फोडतो आणि चिन्यांना मज्जाव करणारा बागेबाहेरचा फलक लाथेने उडवतो. ब्रिटिशांच्या ताब्यातील हाँगकाँगमध्ये प्रेक्षकांनी या प्रसंगांना चित्रपटगृहे डोक्यावर घेतली.

डिसेंबर १९७२मध्ये आलेल्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’चा लेखक, दिग्दर्शक आणि नायक ब्रूसच होता. चाऊ यांच्याबरोबर काढलेल्या स्वतःच्या ‘कॉनकॉर्ड’ कंपनीची ही निर्मिती. रोममधील नातलगांचे रेस्टॉरंट वाचवायला आलेला खेडवळ तरुण आणि शेवटी कलोसियममध्ये चक नॉरिसशी झुंज. पुन्हा नवा विक्रम. अवघ्या १४ महिन्यांत त्याने तीनदा हाच पराक्रम केला.

त्याच्या मारामारीत नवे काय होते?

त्याआधीचे चिनी मारधाडपट बहुधा तलवारींचे होते. तारांच्या आणि लपवलेल्या झुलत्या फळीच्या आधाराने नायक छपरावर उडी घेत. हाणामारीच्या दृश्यांवर संगीत नाटकातील नृत्यमय कवायतीची छाप असे. ब्रूसने लढत जमिनीवर आणली. वार कमी, पण निर्णायक. दोन वारांमध्ये स्तब्धता. कॅमेरा थोडा लांब ठेवून अखंड शरीर दिसू द्यायचे, म्हणजे हालचाल खरी आहे हे प्रेक्षकाला कळते. सोबत ती विचित्र किंकाळी, नाकावर अंगठा फिरवण्याची लकब आणि साखळीने जोडलेली दोन दांडकी, म्हणजे नानचाकू.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हाँगकाँगमधील हे चित्रपट मँडरीन भाषेत निघाले. ब्रूसची भाषा कँटोनीज. त्यामुळे त्याचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात आहेत. ज्या भूमिकांनी तो आशियाचा तारा झाला, त्या त्याने मुख्यत्वे चेहऱ्याने आणि शरीराने केल्या. कदाचित म्हणूनच भाषा न कळणारा प्रेक्षकही त्याच्याशी जोडला गेला.

हॉलिवूडला शेवटी जाग कशी आली?

हॉलिवूडचे मन वळवले ते आकड्यांनी. हाँगकाँगमधील कमाई पाहून वॉर्नर ब्रदर्सने ब्रूसच्या कंपनीबरोबर चित्रपट करायचे ठरवले. त्यासाठी ‘गेम ऑफ डेथ’चे चित्रीकरण अर्धवट सोडून ब्रूस ‘एन्टर द ड्रॅगन’कडे वळला. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउज. खर्च सुमारे साडेआठ लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबाने अगदीच तोकडा. तरीही स्टुडिओला पुरती खात्री नव्हती. त्यामुळे कथेत जॉन सॅक्सन हा गोरा आणि जिम केली हा कृष्णवर्णीय असे आणखी दोन नायक जोडण्यात आले.

१९७३च्या जानेवारीत हाँगकाँगमध्ये चित्रीकरण सुरू झाले. पटकथेवरून मतभेद झाले आणि ब्रूस काही दिवस सेटवर आलाच नाही. मारामारीची सर्व दृश्ये त्यानेच बसवली. शाओलिन मठातला सुरुवातीचा प्रसंगही त्याचाच. स्टुडिओने सुचवलेली ‘ब्लड अँड स्टील’सारखी नावे त्याने हाणून पाडली आणि ‘ड्रॅगन’ शब्द नावात ठेवायला लावला. नायक म्हणून केलेल्या चार चित्रपटांपैकी त्याचा स्वतःचा बोलका आवाज ऐकू येतो तो याच चित्रपटात.

याच सुमारास अमेरिकेत हाँगकाँगच्या मारधाडपटांची लाट आली होती. मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित वस्त्यांमधील चित्रपटगृहे त्यांनी भरत होती. आशियाई नायक प्रेक्षकांना चालणार नाही, हे गृहीतक त्या रांगांनीच खोटे पाडले.

मृत्यू कशामुळे झाला?

१० मे १९७३ रोजी हाँगकाँगमधील स्टुडिओत डबिंग करताना ब्रूस कोसळला. झटके येत होते. मेंदूला सूज आल्याचे निदान झाले आणि उपचारांनी तो वाचला. नंतर लॉस एंजेलिसमधील तपासणीत चिंतेचे काही आढळले नाही.

२० जुलैला ‘गेम ऑफ डेथ’च्या चर्चेसाठी तो अभिनेत्री बेटी टिंग पेई यांच्या घरी होता. डोके दुखू लागल्याने त्याने ‘इक्वाजेसिक’ ही वेदनाशामक गोळी घेतली आणि तो झोपला. तो उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. मेंदूला पुन्हा सूज आली होती.

चित्रपट कंपनीने सुरुवातीला तो स्वतःच्या घरी गेल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी ते खोटे पाडले आणि मग अफवांना ऊत आला. विषप्रयोग, गुन्हेगारी टोळ्या, गुप्त मृत्युघात, शाप असे काहीही बोलले गेले. सप्टेंबरमध्ये झालेल्या न्यायालयीन चौकशीत अनेक डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला. गोळीतील घटकाची तीव्र प्रतिक्रिया, हे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. पुढे उष्माघात, शरीरातील सोडियम कमी होणे अशा नव्या शक्यताही मांडल्या गेल्या. घातपाताचा पुरावा मात्र कधीच मिळाला नाही.

हाँगकाँगमध्ये अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. दफन सिएटलमध्ये झाले. खांदा देणाऱ्यांत मॅक्वीन आणि कोबर्न होते.

मृत्यूनंतर काय उरले?

‘एन्टर द ड्रॅगन’ने खर्चाच्या अनेक पट कमाई केली आणि २००४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याला स्थान मिळाले. ब्रूसच्या जागी कोण, या शोधात निर्मात्यांनी ब्रूस ली या नावाशी मिळतीजुळती नावे देऊन तोतये नायक उभे केले. ‘गेम ऑफ डेथ’ १९७८मध्ये बदली कलाकार वापरून पूर्ण करण्यात आला. त्यात ब्रूसने प्रत्यक्ष केलेली लढतीची दृश्ये थोडीच आहेत. ‘द सायलेंट फ्लूट’ही अखेर ‘सर्कल ऑफ आयर्न’ या नावाने १९७८मध्ये आला. ब्रूसने स्वतःसाठी योजलेल्या भूमिका त्यात कॅराडाइननेच केल्या.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आणि ‘एन्टर द ड्रॅगन’मध्ये स्टंट करणारा एक तरुण पुढे जॅकी चॅन म्हणून जगाला कळला. मुलगा ब्रँडनही अभिनेता झाला. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात खऱ्या गोळीचा भाग बंदुकीत अडकून राहिल्याने झालेल्या अपघातात, वयाच्या २८व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. बाप-लेकांच्या कबरी सिएटलमध्ये शेजारी शेजारी आहेत.

नोव्हेंबर २००५मध्ये बोस्नियातील मोस्तार या शहरात ब्रूस लीचा पुतळा उभारण्यात आला. १९९०च्या दशकातील यादवीने हे शहर क्रोएट आणि बोस्नियाक अशा दोन भागांत तुटले होते. एकाचा वीर तो दुसऱ्याचा शत्रू. दोन्ही बाजूंना चालेल असा नायक शोधताना तिथल्या तरुणांना आठवला तो लहानपणी सर्वांनीच पाहिलेला ब्रूस ली. पुतळ्याची लगेचच मोडतोडही झाली, कारण शहराची जखम तेवढ्याने भरणारी नव्हती. हाँगकाँगमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला तो मोस्तारनंतर एका दिवसाने.

आशियाई चेहरा सर्वांना आपला वाटणार नाही, या शंकेपोटी एका स्टुडिओने ज्याला घरी पाठवले, त्याच्याच चेहऱ्यावर भांडणाऱ्या दोन समाजांचे एकमत झाले. लिहिलेली मालिका दुसऱ्याच्या वाट्याला गेली, पाठ मोडली, ठरलेला चित्रपट बारगळला. त्यानंतर उरलेल्या दोन वर्षांत ब्रूस लीने जे केले, त्याची ही पावती.